वडापाशी उजवीकडे

आमच्या शाळेत एक खोली आहे, तिला सगळे मातीची खोली म्हणतात. कागदोपत्री तिचं नाव 'परिसर अभ्यास उपक्रम कक्ष' असं आहे, पण तेवढं म्हणेपर्यंत तास संपतो. तिथे मी तिसरीला परिसर अभ्यास शिकवते, म्हणजे मुलं चिखल करतात आणि मी ओरडते. खिडकीत दह्याच्या डब्यांमधून मूग उगवलेले असतात. काय बुडतं आणि काय तरंगतं यावरून टबाभोवती मारामाऱ्या होतात. आणि मधोमध, जुन्या बॅनरच्या उलट्या बाजूवर, ओल्या मातीची उल्हास नदी कल्याणहून वळणं घेत ठाण्याच्या खाडीपर्यंत येते. तांब्याभर पाणी ओतलं की कल्याणला पूर येतो आणि सगळा वर्ग आनंदानं किंचाळतो. शेजारच्या वर्गातून आसावरीबाई भिंतीवर पट्टी आपटतात. मग मीही आपटते.

या खोलीवर यंदा गदा आली. संस्थेचे नवे कार्याध्यक्ष गुरुदत्त प्रधान यांना आमच्या शाळेत एक ऑफिस हवं होतं. सभा सगळ्या कल्याणला व्हायच्या, त्यामुळे बाळकुमची आमची शाळा त्यांनी नुसती फोटोत पाहिलेली. फोटोत त्यांना खाडीच्या बाजूची मोठी खिडकी दिसली आणि ती आवडली. मुगाचे डबे दिसले असणारच, पण त्यांचं काही वाटलं नसावं.

"मुलं खेळतात हे दिसतं," ते सभेत म्हणाले. "शिकतात ते कुठे दिसत नाही."

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. मी उभी राहिले. "सर, आमच्या मुलांनी नाक्यापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढलाय. तुम्ही त्याच्यावरून शाळेत येऊन दाखवा. फोनमध्ये बघायचं नाही, रस्त्यात कुणाला शाळा विचारायची नाही."

आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. पण बाण सुटला होता.

प्रधान सर हसले. "आलो तर खोली तुमची. नाही आलो तर मात्र त्याच दिवशी टेप घेऊन माप घेणार. चालेल?"

"चालेल की!" मी म्हटलं.

का नाही चालणार? नकाशा झकासच होता. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, नाक्यावरून शाळेत कसं जायचं, असा मी गृहपाठ दिला होता. मग सगळ्यांनी मिळून एका मोठ्या कागदावर तो रस्ता काढला. नाक्यावर ट्रकांची रांग होती. पुढे कंपनी होती, तिच्या धुराड्यातून काळा धूर थेट कागदाच्या बाहेर गेला होता. मग विहीर, काठावर बेडूक. मग वड. हा वड संचितानं काढला होता आणि तो इतका पसरला होता की शाळेला काडेपेटीएवढीच जागा उरली. नकाशा मी स्वतः तपासला. माझं माहेर बाळकुमचंच, इथली गल्ली न् गल्ली मला पाठ. एकही चूक सापडली नाही. खाली लाल पेनानं 'छान' लिहिलं आणि कल्याणला पाठवून दिला.

ठरल्या शनिवारी मुलं सकाळपासून गॅलरीत लटकलेली. सूरजनं नदीत दोन तांबे जास्तीचे ओतून ठेवले होते, पाहुणे येणार म्हणून. साडेनऊ वाजले, पाहुणे नाहीत. दहा वाजता मोठ्या बाईंचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात कोंबला. मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि अख्खी तिसरी त्याच्यावर ओणवी झाली.

"योगिनीबाई," प्रधान सरांचा आवाज आला, "मी अर्धा तास तुमची कंपनी शोधतोय."

"काका, समोर काय दिसतंय?" साकेतनं विचारलं. साकेत मोठ्या टॉवरमध्ये राहतो आणि लिफ्टमधल्या सगळ्यांशी बोलतो, त्यामुळे त्याला कुणाची भीती नाही.

"समोर तीन टॉवर दिसतायत."

"हां, तीच कंपनी!"

फोनमध्ये हॉर्न वाजला. मग मागून एक आवाज आला, "साब, मैं बोला ना, इधर कोई कंपनी नहीं है." तो वॉचमन असणार.

"धुराडं कुठंय?" सरांनी विचारलं.

"ते पाडलं," साकेत म्हणाला. "मी तिथेच राहतो. बी विंग. तुम्ही कंपनीवरून सरळ या, विहीर लागेल."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंपनी बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होते. विहीर बुजवली त्यालाही जमाना झाला. नाक्यावर जकात घेणंच बंद झालंय, तर ट्रक कुठून थांबणार? मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितला तसा रस्ता काढला होता. आम्ही सगळेच तसाच सांगतो. मी काल रिक्षावाल्याला 'गिरणीपाशी थांबव' म्हटलं, तिथे ब्यूटी पार्लर आहे, आणि तोही बरोबर तिथेच थांबला. त्या कागदावर आज उभी असलेली एकच गोष्ट होती, काडेपेटीएवढी शाळा. आणि खाली माझं 'छान'.

"विहीर नाहीये," फोन म्हणाला. "जिम आहे."

"जिमच्या खाली आहे विहीर," सूरज ओरडला. "तुम्ही जा तिच्यावरून!"

"विहिरीवरून जाऊ?"

"घाबरू नका, पक्की बुजवलीय!"

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. खांदे बघितले तेव्हा कळलं की हसतायत.

"आता वडापाशी उजवीकडे वळा," संचिता म्हणाली.

"कुठला वड?" आता सरांचा आवाज चिरकला. "इथे एक झाड नाही!"

"नाहीच आहे. पण तिथेच वळायचं."

"अगं, नाही तर मला कळणार कसं?"

संचितानं माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस आणि इतकं साधं कळत नाही, अशी दया तिच्या चेहऱ्यावर होती. "जिथे रस्ता उगाचच रुंद होतो ना सर, तिथे वड," ती म्हणाली.

फोनमधून ब्रेकचा आवाज आला. मग इंडिकेटरची टिकटिक. मग गॅलरीतून आरोळी उठली, "आले! आले! आले!" आणि जिना कोसळेल अशी धावपळ झाली.

प्रधान सर वर आले ते घामाघूम. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात पिवळी टेप.  ते मातीच्या खोलीच्या दारातून दोन ढांगांत आत आले.

"सर!" साकेत किंचाळला. "तुमचा पाय खाडीत आहे!"

खरंच होता, घोट्यापर्यंत. सूरजचे दोन तांबे कामाला आले. मोजा पिळता पिळता सर म्हणाले, "योगिनीबाई, मी नकाशावरून आलो नाही. फोनवरून आलो. पैज तुम्ही हरलात."

"हरले," मी म्हटलं. काय करणार? बाईनं स्वतः तपासलेला पेपर. मला भयंकर रडू येत होतं आणि तितकंच हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम येतंय याचा रागही आला.

"जे नाहीच, त्याचा नकाशा काढायचा? हा परिसर अभ्यास?" त्यांनी कागद वर धरला. "वड कुणी बघितलाय तुमच्यापैकी?"

कुणीच हात वर केला नाही.

"मग काढला कसा?"

"आजीनं सांगितला," संचिता म्हणाली. तिची आजी रंगूबाई म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यात मोठं माणूस. "तिचा झोका होता त्याला. डाव्या बाजूची पारंबी जाड होती, तिला धरून ती वर चढायची. पोपट पण होते. ते मी कमी काढले, जागा नव्हती."

सरांनी कागद जरा जवळ घेतला. डाव्या बाजूची पारंबी खरोखर जाड होती.

तेवढ्यात सूरज त्यांच्यासमोर काडीला लावलेला कागदी झेंडा नाचवायला लागला. खोलीत कुणीही पाहुणा आला की मातीच्या नकाशात आपल्या घरावर झेंडा लावायचा, हा आमचा नियम आहे. वायरमनपासून सगळ्यांनी लावलाय. "सर, तुमचं घर कुठे?"

"विठ्ठलवाडीला."

"विठ्ठलवाडीत कुठे?"

"स्टेशनवरून सरळ आलं की टॉकीजच्या मागे."

"टॉकीज!" सूरजचे डोळे चमकले. "कुठला पिक्चर लागलाय?"

"अरे, आता नाही ती टॉकीज. पाडली. आता तिथे फर्निचरची दुकानं..."

ते थांबले. तिसरीचा वर्ग इतका शांत मी कधी बघितला नाही. टबात कुणाचं तरी बूच तरंगत होतं, ते कडेला आपटलेलंही ऐकू आलं.

"चालतं सर," संचिता मायेनं म्हणाली. "आमच्या वडासारखं."

मग जे हसू फुटलं ते काही थांबेना. आसावरीबाईंनी पट्टी आपटली, कुणाला ऐकू गेली नाही. मोठ्या बाई दाराला टेकून हसत होत्या. आणि प्रधान सर, एका पायात बूट आणि एका पायात खाडी, असे वाकून मातीत टॉकीज बांधत होते. सूरजनं त्यांना विटेचा तुकडा दिला. त्यांनी तिकीट खिडकीसुद्धा केली. टॉकीजमागे झेंडा लावला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

पण मग त्यांना टेप आठवली. "चला, माप घेऊ," ते म्हणाले, जरा खालच्या आवाजात. टेपचं टोक धरायला चौदा हात पुढे आले. खिडकी मोजली, भिंत मोजली, मग मुलांनी खाडी मोजली, मोठ्या बाईंची वेणी मोजली आणि सूरजला आडवा पाडून मोजलं. टेप केव्हाच सरांच्या हातात नव्हती.

"सर, पण हे कशासाठी मोजतोय?" साकेतनं विचारलं.

मी खिडकीकडे तोंड केलं. मुलांना मी पैजेचं सांगितलंच नव्हतं.

"इथे माझं ऑफिस होणार आहे," सर म्हणाले.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. साकेत विचार करत होता. "मग लोकांना आम्ही काय सांगायचं? सर मातीच्या खोलीत बसतात?"

"नाही नाही. कार्याध्यक्षांचं कार्यालय म्हणायचं."

"कार्याध्यक्षांचं कार्यालय," साकेतनं म्हणून बघितलं.

"ते कुठे आलं?" सूरजनं जमिनीवरूनच विचारलं.

"अरे, मातीच्या खोलीत," सगळे एकदम म्हणाले.

प्रधान सरांनी ओला मोजा खिशात कोंबला. चहा घेतला, बूट चढवला, मोठ्या बाईंना नमस्कार केला आणि खोलीबद्दल एक अक्षर न बोलता जिना उतरले. मुलं गॅलरीत हात हलवत होती. मीही हलवत होते, पण मन लागत नव्हतं. मूग कुठे हलवायचे, नदीची गुंडाळी कशी करायची, कुठल्या वर्गात तांब्याभर पाणी ओतू देतील, हेच डोक्यात चाललं होतं.

खाली गाडी निघाली. रस्ता जिथे उगाचच रुंद होतो तिथे ती थांबली. डावा दिवा लुकलुकायला लागला आणि माझा फोन वाजला.

"योगिनीबाई, टेप राहिली तिकडेच."

मी खोलीत बघितलं. टेप नदीत आडवी पडली होती, कल्याणपासून खाडीपर्यंत. "थांबा सर, कुणाला तरी पाठवते. कुठे आहात?"

"हा काय, वडापाशी," ते म्हणाले. "पण पाठवू नका कुणाला. असू दे तिथेच, मातीच्या खोलीत. मुलांना लागेल."