एका हाताने, एकट्याने

दुकानात तिला सगळे पाटीवाली म्हणायचे. दुकान म्हणजे रस्त्यावरचं नव्हे हं, कपड्यांचं ऑनलाइन दुकान. तळमजल्यावर बेतणं, शिवणं, इस्त्री आणि खोकी. वरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि ही. प्रत्येक कपड्याच्या पानाला शीर्षक लागतं. माणूस काही शोधायला बसला की त्याला आधी तेच दिसतं, आणि ते पटलं तरच तो आत पाऊल टाकतो. म्हणजे पाटीच की ती! अशा चारशे दहा पाट्या तिच्या हातच्या होत्या.

गंमत म्हणजे तिचा नवराही पाट्याच रंगवायचा. खऱ्या, पत्र्यावरच्या. बावीस वर्षं त्याने तेच केलं. औषधांचं दुकान म्हणू नका, सायकलवाला म्हणू नका, निम्म्या बाजाराची नावं त्याच्या अक्षरात होती. मग एक दिवस शिडी सरकली. उजवा खांदा असा मोडला की हाड जुळलं, पण हात वर जायचं नाव घेईना.

तेव्हापासून आठ महिने रोज सकाळी तीच त्याला शर्ट घालायची. आधी दुखरा हात, मग पाठीमागून ओढून दुसरा, मग गुंड्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं. त्याला मात्र वाटत असावं. एवढा बडबड्या माणूस, पण गुंड्या लावून होईपर्यंत तोंडाला कुलूप आणि नजर भिंतीवर.

आता त्याची धाकटी बहीण. ती याच दुकानात खाली बेतायच्या टेबलावर उभी असायची. जीभ अशी चालायची की तिला नावच पडलं होतं कात्री. एके दिवशी भाऊ तिच्याकडे गेला आणि दोघांचं काय गुफ्तगू झालं देव जाणे. पुढचे पंधरा दिवस कात्री स्वतःचा उजवा हात मोजपट्टीने कमरेला बांधून शर्ट घालायचा सराव करत होती. सगळा तळमजला हसला. सात शर्ट वाया गेले. आठवा जमला. उजव्या बाजूला मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खाली घेरापर्यंत शिवण उघडी, आणि तिथे कडक पट्टीवर टिचबटणं. डावा हात घालायचा, शर्ट पाठीवरून फिरवायचा, उजवा हात आहे तसाच लोंबू द्यायचा आणि डाव्या हाताने टकटक बटणं दाबत जायचं.

त्या सकाळी तो स्वतः शर्ट घालून खोलीबाहेर आला, तेव्हा पाटीवाली चहा गाळत होती. अर्धा चहा ओट्यावर गेला. तिने रडून घेतलं, त्याने रडू दिलं.

मग काय विचारता! तिने मॅडमच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, मागे भुणभुण लावली आणि चाळीस शर्ट शिवून घेऊन दुकानात लावले. नवरा भेटेल त्याला सांगायला लागला, "माझा शर्ट आहे दुकानात." शिडीवरून पडल्यापासून त्याच्या तोंडी 'माझं' असं पहिल्यांदाच काही आलं होतं.

पण शीर्षक मॅडमनी स्वतः दिलं होतं: 'प्रीमियम स्टायलिश ट्रेंडी कम्फर्ट शर्ट, पुरुषांसाठी, नवीन कलेक्शन, सर्वोत्तम'. तीन महिन्यांत दोन शर्ट गेले. त्यातला एक पाटीवालीच्या मामांनी घेतला. मामांचे दोन्ही हात ठणठणीत आहेत.

"हे बघा पाटीवाल्या बाई," मॅडम म्हणाल्या, "मला तुमच्या घरच्यांबद्दल वाईट वाटतं. पण मी दुकान चालवते. महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर पान काढायचं आणि उरलेले गाठोड्यात बांधायचे."

अडतीस शर्ट गाठोड्यात! हे नवऱ्याला सांगायचं कुणी? तो पुन्हा भिंतीकडे बघायला लागला असता.

"पाटी मला बदलू द्या," ती म्हणाली.

"बदला. मी कुठे हात धरलाय?"

तिने लिहिलं: 'हाताच्या दुखापतीत सोयीचा आरामदायी शर्ट'. आणि रोज सकाळी आल्या आल्या तेच शब्द टाकून शोधायची, आपलं पान कुठे आहे बघायची आणि उघडायची. पहिल्या दिवशी पाचव्या पानावर. चार दिवसांनी दुसऱ्या. आठव्या दिवशी, अहो, सगळ्यात वर! पहिला नंबर! ती जिन्यावरून ओरडत खाली गेली. कात्रीने टेबलावर कात्री आपटून सगळ्यांना उठवलं. इस्त्रीवाल्यापासून खोकी बांधणारीपर्यंत प्रत्येकाने वर येऊन तो नंबर डोळ्यांनी पाहिला. पाटीवालीची छाती अशी फुगली होती की विचारू नका.

मॅडमही आल्या, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. मग ऑर्डरी कुठेत?"

ऑर्डर एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

तिने घरी येऊन नवऱ्यापुढे सगळं ओतलं, गाठोड्याचंसुद्धा. तो घाबरेल, खचेल असं तिला वाटलं होतं. तो तर वैतागला.

"तू बघतेस कुठून?"

"कुठून म्हणजे? ऑफिसातून. माझ्या कॉम्प्युटरवर."

"म्हणजे शिडीवरूनच! अगं, पाटी रंगवणारा शिडीवर बसून पाटी वाचतो का? खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा आणि मग वर बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, आपला शर्ट घातला आणि एकटा बाहेर पडला. पडल्यापासून डॉक्टर आणि बहीण यांच्याशिवाय कुठे गेला नव्हता. कोपऱ्यावरच्या वाचनालयात लोकांसाठी एक जुनाट कॉम्प्युटर होता, त्यावर तो एका बोटाने खटपट करत बसला. संध्याकाळी ती घरी आली तर दारातच म्हणाला, "दहा पानं बघितली. नाहीयेस."

"असं कसं? माझ्याकडे पहिला नंबर येतो!"

"तू रोज त्याच पानावर टिचकी मारतेस. तुझा कॉम्प्युटर तुला ओळखायला लागलाय. तुला आवडतं ते तुझ्या पुढ्यात ठेवतोय. तोंडावर गोड बोलतोय गं तो तुझ्या."

तिने डोक्याला हात लावला. अख्ख्या तळमजल्याला जिना चढायला लावून दाखवला तो नंबर! इस्त्रीवाल्याला आता तोंड कसं दाखवायचं? तिला स्वतःचाच असा राग आला की बराच वेळ ती चपला न काढता तशीच बसून राहिली.

मग तिने विचारलं, "तुम्ही काय टाकून शोधलंत?"

"तू लिहिलंयस तेच. दुखापत, सोयीचा, आरामदायी."

"तुम्हाला हवा असता तर तुम्ही काय टाकलं असतं?"

पुन्हा ती भिंतीकडची नजर.

"सांगा ना."

"टाकलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर, चौथ्या दिवशी. तुझ्याच फोनवर. एका हाताने एकट्याने शर्ट कसा घालायचा. काही मिळालं नाही. म्हणून तर शेवटी कात्रीकडे गेलो."

त्यातला एक शब्द तिला टोचला. एकट्याने. आठ महिने ती रोज सकाळी उठून, मायेने, दुखू नये म्हणून श्वास रोखून त्याला शर्ट घालत होती; आणि हा माणूस चौथ्याच दिवशी तिच्याविना कसं घालायचं ते शोधत होता. तिला वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं वाईट वाटलं.

"माझं काही चुकत होतं का हो?"

"तुझं काहीच चुकत नव्हतं," तो म्हणाला. "तोच तर त्रास होता. ओरडायलासुद्धा जागा नव्हती. मी चाळीस फुटांवर उभा राहून अक्षरं काढलीत गं. मला माझ्या गुंड्या लावता येऊ नयेत?"

हे ऐकलं आणि तिचं रडू मागच्या मागे परतलं. हा माणूस आठ महिने मुकाट उभा राहिला तो हार मानून नव्हे, तर आतल्या आत धडपडत. तिला त्याचा केवढा अभिमान वाटला! तिने चपला काढल्या आणि कागद आणला.

शोधणाऱ्याला शीर्षक ठरावीक लांबीचंच दिसतं, पुढचं कापलं जाऊन तिथे टिंबं येतात. तिने तेवढ्या लांबीची पट्टी आखून दिली. त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण जागेचा अंदाज बावीस वर्षांचा होता. 'स्टायलिश' खोडलं. 'आरामदायी' खोडलं. "हे दुकानदाराचे शब्द," तो म्हणाला. "रस्त्यावरचा माणूस असं बोलत नाही." शेवटी पट्टीत एवढंच राहिलं: 'एका हाताने, एकट्याने घालता येणारा शर्ट'.

मॅडमच्या कपाळावर आठ्या. "अहो, असं उघडं लिहितं का कुणी? वाचूनच माणूस पळेल."

"ज्याला नकोय तो पळेल मॅडम. ज्याला हवाय तो अगदी हेच शब्द टाकतोय. आपण त्याला 'स्टायलिश' म्हणून हाक मारतोय, तो वळून कशाला बघेल?" ती एवढं बोलली आणि स्वतःच चकित झाली. मॅडमपुढे एवढी लांब वाक्यं ती कधी बोलत नसे.

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "अकरा दिवस आहेत महिना संपायला," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तिने ऑफिसात शोधायचं नाही अशी शपथच घेतली. रोज सकाळी नवरा शर्ट घालून वाचनालयात जायचा आणि दुपारी बहिणीला फोन करायचा. कात्री खालून बोंब ठोकायची, "वहिनी, सहावं पान!" मग "वहिनी, चौथं!" मग दोन दिवस काहीच नाही. इस्त्रीवाला जिन्यातून चिडवायचा, "या वेळी वर यायचं की नाही बघायला?"

आठव्या दिवशी फोन आलाच नाही. नवरा स्वतः आला. तीन वळणं चालून, धापा टाकत, घामाने शर्ट चिकटलेला. कात्रीच्या टेबलापाशी उभा राहिला. "पहिलं पान," तो म्हणाला. "वरून तिसरा. रस्त्याच्या पलीकडून, बरं का."

कात्रीने आधी त्याला पाणी दिलं आणि मग मिठी मारली. "दादा, घामट कुठला!" म्हणाली आणि त्याच्याच बाहीला डोळे पुसले.

त्याच दुपारी पहिली ऑर्डर आली. दुसऱ्या दिवशी चार, मग दहा, मग सोळा. महिनाअखेरीला खोक्यात सात शर्ट उरले होते आणि दोन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं की डावा हात चालत नाही, त्यांच्यासाठी उलटा शिवून मिळेल का. मॅडमनी ऐंशी बेतायला सांगितले, चाळीस उजवे, चाळीस डावे. मॅडमच्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मिळच, पण त्या दिवशी जिना उतरताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाकीच्या चारशे नऊ पाट्याही एकदा बघा, पाटीवाल्या बाई. तुमच्या ह्यांना विचारून बघा."

पुढच्या आठवड्यात शर्टाच्या पानाखाली कुणा अनोळखी बाईने लिहिलं. पाटीवालीने ते सकाळी घरीच फोनवर वाचलं, धावत खोलीशी गेली आणि दार ढकललं. आतून कडी होती.

"अहो, ऐका ना! एका बाईने लिहिलंय."

"वाच."

तिने दाराला टेकून वाचलं. "यांनी आज सहा महिन्यांनी दार आतून लावून घेतलं. मी बाहेर उभी होते. तेवीस मिनिटं लागली. एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला, पण मी हाक मारली नाही. हे बाहेर आले तेव्हा एक बटण वरखाली लागलं होतं. मी ते सरळ केलं नाही."

आतून टिचबटणाचा एक टक आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"झालं का हो?"

"थांब," तो आतून म्हणाला, "अजून तीन राहिलीत."

"सावकाश," ती म्हणाली आणि दाराबाहेरच उभी राहिली.