सहा आकडे

काशीने अंगठा पदराला पुसला आणि पाचव्यांदा त्या यंत्राच्या काचेवर टेकवला. काचेखालचा लाल उजेड क्षणभर चमकला आणि विझला.

"नाही जुळत," काउंटरमागचा गुरुप्रसाद म्हणाला. "आता शेजारचं बोट बघू. जरा दाबून."

शेजारचं झालं, मधलं झालं, मग डाव्या हाताची पाचही बोटं झाली. काशीला यंत्र दिसत नव्हतं. उजव्या डोळ्यापुढे नुसतं ताक सांडलेलं आणि डाव्यापुढे धुकं. गुरुप्रसादच तिचं एकेक बोट धरून काचेवर ठेवत होता, आणि दर वेळी यंत्र 'ही बाई ती नव्हे' असं सांगत होतं.

सव्वीस वर्षं तिने पालीजवळच्या एका काजूच्या कारखान्यात बी फोडली होती. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी सोलवटते, नवी येते, तीही सोलवटते. बायका राख लावत, खोबरेल लावत, पण तेल कुणाला सोडत नसे. तिची बोटं पऱ्याच्या वाहत्या पाण्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. याचं तिला कधी काही वाटलं नाही. पूर्वी कागदावर अंगठा उठवला की शाईचा डाग पडायचा आणि साहेब 'झालं' म्हणायचा. आताचं यंत्र तेवढं समजूतदार नव्हतं.

"दादा, डोळ्यांवरनं पण होतं ना?" शमिकाने विचारलं. शमिका म्हणजे गावची आशाताई. फुकट ऑपरेशनच्या सरकारी कार्डासाठी काशीला घेऊन ती आज तिसऱ्यांदा या हॉस्पिटलात आली होती.

"होतं," गुरुप्रसाद म्हणाला आणि घुटमळला. "पण मोतीबिंदू असला की ते यंत्र डोळा घेत नाही."

"मोतीबिंदूच काढायचाय ना?"

"हो."

"म्हंजे मोतीबिंदू काढला की मोतीबिंदूचं कार्ड मिळेल."

गुरुप्रसाद माणूस वाईट नव्हता. त्याने मोबाइलवर चेहऱ्याचंही करून पाहिलं. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकवा. काशीने मिचकवले. मोबाइल पुन्हा म्हणाला, डोळे मिचकवा. अकरा वर्षांपूर्वीच्या फोटोतली कपाळभर कुंकू लावलेली बाई आणि समोरची ही, दोघी एकच आहेत हे त्यालाही पटेना.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. पण नकटीला निदान मुहूर्त तरी पुढचा मिळतो. उद्या गुरुवार होता. कोल्हापूरचे डॉक्टर महिन्यातून एका गुरुवारी येत, त्यांची यादी आदल्या दिवशी दुपारी एकला बंद होई. आज नाव चढलं नाही तर पुढचा महिना. आणि मागच्या तपासणीला त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, उजवा पूर्ण पिकलाय, आत फुटला तर नजर कायमची जाईल, मग माझ्या हातात काही नाही. काशीने ते ऐकून घेतलं होतं आणि घरी येताना एसटीत शमिकाला एवढंच म्हणाली होती, "आंधळा मागतो एक डोळा. मी पण एकच मागतेय गो."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते.

"मग राहिला ओटीपी," गुरुप्रसाद म्हणाला. "आधारला जो नंबर जोडलाय त्याच्यावर जाईल. शेवटी एक्केचाळीस आहे. तुमचाच ना?"

"लेकाचा," काशी म्हणाली.

आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता, संदेशचा. तोच नंबर त्याने आईच्या कार्डाला लावून टाकला होता. कुणाला वाटलं होतं पुढे असं होईल म्हणून. नंबर बदलायला शमिका तिला आधार केंद्रावरही घेऊन गेली होती. तिथे दोन तास रांगेत उभं राहिल्यावर कळलं की नंबर बदलायला अंगठा लागतो.

पहिल्या खेपेला त्यांनी याच काउंटरवरून फोन लावला तेव्हा रिंग वाजून वाजून बंद झाली. संदेश लोट्याला एका कंपनीत होता. आत जाताना फोन गेटवर जमा करायचा, पाळी संपली की घ्यायचा. दुसऱ्या खेपेला त्याने उचलला. पण शमिकाने "काकीच्या डोळ्यांचं" एवढं म्हणेपर्यंत फोन तुटला. शमिकाच्या मते त्याने ठेवला. काशीने मात्र रेंज गेली असंच धरलं. मग शमिकाने गावच्या दीपकला गाठलं. तोही लोट्याला होता. त्याच्याकडून कळलं की या आठवड्यात संदेश दुसऱ्या पाळीला आहे, कंपनीची बस दोनला येते, तोवर खोलीवर असतो. म्हणून आजचा बुधवार.

संदेश आईशी दोन वर्षं बोललेला नव्हता.

त्याचा बाप हरिश्चंद्र आषाढातल्या एका दुपारी छातीला हात लावून ओटीवर बसला. आरोग्य केंद्रातले डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले होते. अँब्युलन्सला फोन केला, तर गाडी निघालीय असं तीनदा सांगितलं गेलं आणि ती आली पावणेदोन तासांनी. शेजारी रावजीच्या अंगणात टेम्पो उभा होता. पण रावजीशी बांधावरच्या फणसावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. काशी दोनदा मधल्या दगडी गडग्यापर्यंत गेली आणि परत आली. येतेच आहे गाडी, म्हणाली. रत्नागिरीच्या वाटेवर हातखंब्याच्या अलीकडे हरिश्चंद्र गेला. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी संदेश बॅग भरताना म्हणाला, "एकदा तोंड उघडलं असतंस रावजीकडं, तर बापूस जगला असता." तो गेला तो गेलाच. वर्षश्राद्धालाही आला नाही, पैसे मात्र दर महिन्याला दीपककडून येत राहिले.

त्या दुपारी काशीने संदेशलाही नऊ फोन केले होते, वाडीतल्या एका पोरीकडून लावून घेऊन. त्याचा फोन गेटवरच्या कप्प्यात वाजत होता. पाळी सुटल्यावर त्याने ते नऊ फोन पाहिले असणार. याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही आणि तिनेही काढलं नाही. पोराला ते आतून खात असेल, हे तिला बसल्याजागी कळत होतं. म्हणून त्याने तिला लावलेला बोल तिने मुकाट्याने घेतला. कुणावर तरी राग काढल्याशिवाय माणसाला जगता येत नाही, आणि आईइतकी हाताशी असलेली दुसरी कोण?

"लाव फोन," ती शमिकाला म्हणाली.

शमिकाने लावला. पाचव्या रिंगला उचलला गेला.

"संदेश, मी शमिका. ठेवू नको हां. काकीचं ऑपरेशन उद्या हाय, आज कार्ड झालं नाय तर राहिलं. तुज्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा सांग. लाइनवर ऱ्हा." तिने ऐकलं आणि गुरुप्रसादला खूण केली. "हो म्हणाला."

तेवढ्यात पलीकडच्या खिडकीतून काशीच्या नावाचा पुकारा झाला. शुगरच्या रिपोर्टवर शिक्का हवा होता, तोही एकच्या आत. शमिकाने फोन काशीच्या हातात कोंबला.

"कानाला धर. तो आकडे सांगेल, तसे ह्यांना सांग. मी आलेच."

काशीने फोन कानाला लावला. आत पंखा फिरत होता. कुठेतरी भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

"हॅलो," संदेश म्हणाला. "शमिकाताई?"

आवाज थोडा जड झाला होता. हरिश्चंद्राचा चाळिशीत झाला होता तसा.

"मी हाय," ती म्हणाली.

पलीकडे पंखा तेवढा फिरत राहिला. काशीने डोळे मिटले. ते मिटले काय आणि उघडे ठेवले काय, सारखंच होतं, पण मिटले. आता ठेवील, आता ठेवील असं म्हणत ती थांबली. त्याने फोन ठेवला नाही.

"पाठवला बघा," गुरुप्रसाद म्हणाला. "येईल. कधी कधी वेळ लावतो."

"पाठवलान म्हणतायत," काशीने फोनमध्ये सांगितलं. "येळ लागतो म्हणे."

"हं."

मागे रांगेत कुणीतरी पोरावर ओरडलं. एक म्हातारा दर दोन मिनिटांनी विचारत होता, कार्डाची रांग हीच का, आणि दर वेळी वेगळं माणूस त्याला हो म्हणत होतं. काशीने दुसरा कान हाताने झाकून घेतला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. एकटाच असेल, स्वतःच रांधत असेल. भात का डाळ, हे शिट्टीवरून कळत नाही. तिला ते विचारावंसं वाटलं. दोन वर्षांत साठलेलं एवढं होतं आणि जिभेवर आलं ते हे, कुकरात काय लावलंयस.

मग तो खोकला.

फोन तोंडापासून लांब धरून खोकला असणार, कारण आवाज दुरून आला. तरी तो कोरडा खोकला लवकर थांबेना. एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. पोरगा तिच्या मांडीवर डांग्या खोकल्याने काळानिळा झाला होता, शाळेत असताना पावसाळाभर खोकायचा, ते सगळे आवाज तिला ठाऊक होते. हा त्यातला नव्हता. हा आतून, खोलवरून येत होता. कधीपासून, कुणाला दाखवलंस का, औषध काय घेतोस, सगळं एकदम तिच्या घशाशी आलं. पण विचारलं आणि त्याने ठेवून दिला तर? तिने ओठ दाताखाली धरले.

"आला," संदेश म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"आला," काशीने गुरुप्रसादला सांगितलं, आणि मग फोनमध्ये, "सांग."

"चार."

"चार."

"शून्य."

"शून्य."

"दोन. परत दोन."

"दोन, दोन."

"आठ."

"आठ," काशी म्हणाली. लहानपणी ओटीवर बसून तो पाढे म्हणायचा आणि ती तांदूळ निवडता निवडता मागून म्हणायची. तिला स्वतःला पाढे येत नसत, नुसते त्याच्या मागोमाग म्हणायचे. आठाला तो नेहमी थांबायचा.

आताही थांबला. एक खोकला आला तो त्याने गिळला.

"सात," तो म्हणाला. "बस, एवढेच." आणि फोन ठेवला.

काशीने फोन कानावरून काढला नाही. आत आता ना पंखा होता, ना खोकला.

"शेवटचा काय?" गुरुप्रसादने विचारलं. त्याचं बोट कळीवर थांबलं होतं.

सात तिने स्वच्छ ऐकला होता.

"नऊ," काशी म्हणाली.

गुरुप्रसादने कळ दाबली आणि स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

"चुकला हो. पुन्हा पाठवायला लागेल."

शमिका शिक्का घेऊन धावतच आली होती. तिने घड्याळ बघितलं, बारा अडतीस. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"काकी, नीट ऐकलंस ना गो?"

"गडबड किती हाय हितं," काशी म्हणाली.

"एकदाच अजून पाठवता येईल," गुरुप्रसाद म्हणाला. तिला दिसत नाही हे विसरून त्याने एक बोट वर केलं. "हाही चुकला तर उद्यापर्यंत बंद होतं सगळं. मग यादी गेली तुमची. महिनाभर काही करता येणार नाही, आधीच सांगतो."

"माज्याकडं दे फोन," शमिका हात पुढे करून म्हणाली. "ह्या टायमाला मी ऐकते. तू नुसती बस."

काशीने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. शमिकाने तो ओढला तेव्हा तो सहज सुटला नाही.

"तू नंबर लावून दे," काशी म्हणाली. "बोलते मी."