सत्यनारायणाला दोनशे किलोमीटर

नंदकिशोर सहस्रबुद्धे पहाटे साडेचारला घाटकोपरच्या घरातून निघाले तेव्हा अंगात सिल्कचा झब्बा-लेंगा होता आणि लेंग्याखाली सायकलवाल्यांची तंग चड्डी. बायकोला त्यांनी सांगितलं होतं की वाकोल्याला थोरल्या बहिणीकडे, वसुधाताईकडे, सत्यनारायण आहे, दिवस मोडेल. एवढ्या पहाटे कसली पूजा, हे कुंदाने विचारलं नाही. तेवढ्यावरच ते निर्धास्त झाले.

पूजा कसली नि काय! मित्र सुबोधच्या सायकल क्लबाची राइड होती, सायकलही त्याच्याकडेच ठेवलेली. चारकोपहून निघायचं, हायवेने चारोटी गाठायची आणि परत यायचं. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. वेळेत परतलात तर कार्डावर शेवटचा शिक्का, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. गेल्या मे महिन्यात ह्याच राइडमध्ये नंदकिशोर मनोरला चक्कर येऊन पडले होते. दोन दिवस सलाइन लावलं आणि कुंदाने सायकलचं नावही काढायला बंदी केली. पण शेवटची चौकट कोरी राहिलेलं ते कार्ड खणात होतं, आणि एकसष्टाव्या वर्षी माणसाला नको तिथे जिद्द सुचते.

दुपारी डांबर पाघळलं. बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं. परतताना मनोर आलं तसे गेल्या मेची चक्कर आठवून ते घाबरले, मग एका हॉटेलच्या नळाखाली डोकं धरून उभे राहिले. तिथेच त्यांना युक्ती सुचली. हॉटेलातून शिरा घेतला आणि खाऊच्या रिकाम्या डब्यात भरला. प्रसाद तयार! स्वतःच्या हुशारीवर ते पुढचे वीस किलोमीटर खूश होते.

चारकोपला पोचले तेव्हा सात चोवीस झाले होते. साडेसातला वेळ संपणार होती. शिक्क्याच्या टेबलामागे, साडीवर क्लबाचा नारिंगी टी-शर्ट घालून, कुंदा बसली होती. शिक्का तिच्या मुठीत होता. बाजूला सुबोध बुटाची लेस निरखत उभा होता.

"आलात? पूजा कशी झाली?"

"कुंदा, तू इथे?"

"दहा वाजता वसुधाताई आंबे घेऊन आपल्याकडे आल्या. मग सुबोधभावजींना फोन केला. दोन मिनिटांत सगळं बोलले. प्रसाद?"

नंदकिशोरांनी डबा पुढे केला. तिने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं.

"आंबलाय. सत्यनारायण उन्हात बसवला होता का?"

"कुंदा, सात सत्तावीस झाले गं. शिक्का मार ना!"

"आधी खरं बोला."

"खोटं बोललो. चुकलो. पण विचारलं असतं तर तू सोडलं असतंस?"

"नसतं सोडलं."

असं म्हणून तिने धाडकन शिक्का मारला आणि खाली वेळ लिहिली, सात अठ्ठावीस.

"चार वाजल्यापासून त्या वळणाकडे बघत बसलेय," ती हळूच म्हणाली. "दर सायकलवाल्यामागे अँब्युलन्स दिसत होती मला."

नंदकिशोरांना भयंकर लाज वाटली.

"आणि हो," तिने डोळे पुसले, "गुरुवारी पूजा आहे. खरी. आपल्याच घरी. वसुधाताई येतायत, सुबोधभावजीही येतायत. कथा ऐकायला तुम्ही पाटावर बसायचं. हलायचं नाही."

दोनशे किलोमीटर झालेल्या नंदकिशोरांच्या बुडाला पाट ह्या शब्दानेच कळ आली.