अकराही माणसे कायम

शेवटच्या रविवारी त्यांनी रंगाच्या मऊ ब्रशने माझ्या पाठीवरची धूळ झाडली, मला दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिले आणि पुन्हा फळीवर ठेवले. त्यात विशेष काही नव्हते. दर रविवारी ते हेच करत. त्या दिवशी त्यांची मुलगी आली होती, एवढेच वेगळे. ती दुसऱ्या गावी राहते, महिन्या-दोन महिन्यांनी येते.

टेबलावर एक नवे विमान अर्धवट पडले होते.

"हा पंख धर जरा," ते तिला म्हणाले. "गोंद धरेपर्यंत हलवू नकोस. साठपर्यंत मोज."

ती पंख धरून उभी राहिली. मध्येच तिचा फोन वाजला. तिने मान वाकडी करून तो खांद्यात धरला, "नंतर करते" म्हणून ठेवून दिला आणि सांगितले, "झाले साठ."

"चाळीस झालेत, इन्स्पेक्टर. मीही मोजतोय."

"तुम्ही हळू मोजता, बाबा."

"गोंद माझ्याच मोजणीनं वाळतो, त्याला मी काय करू?"

ती हसली. उरलेले वीस तिने मुकाट्याने मोजले. हात सोडवताना तिची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच थांबली.

"बाबा."

"काय ग?"

मी फळीवरून तिचा चेहरा पाहत होतो. तीस वर्षे न बोललेले काहीतरी तेव्हा ओठांपर्यंत आले होते. मग ती म्हणाली, "इथला बल्ब बदला. डोळे जातील अशानं."

"जायचे तेवढे गेलेत," ते म्हणाले आणि चष्मा शर्टाच्या टोकाने पुसू लागले.

बुधवारी खोलीचे दार उघडले नाही. गुरुवारी उघडले ते दोन पाहुण्यांनी, बाहेर खुर्च्या कमी पडल्या म्हणून. ते आदल्या पहाटे झोपेतच गेले, हे मला त्या खुर्च्या नेणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले.

मित्रांनो, मी कोण ते सांगायचे राहिलेच. मी एका लढाऊ जेट विमानाचा वीतभर लांबीचा, प्लास्टिकचा नमुना आहे. आणि ज्या विमानाचा मी नमुना आहे, ते विमान या जगात कधी झालेच नाही.

माझा जन्म तसा साधा. पुठ्ठ्याच्या खोक्यात अडतीस सुटे भाग होते आणि कोणता भाग कुठे चिकटवायचा ते सांगणारा एक कागद. त्या कागदाप्रमाणे माझे एक जुने, नाकावर प्रोपेलर असलेले विमान व्हायचे होते. तसली विमाने खरोखर होती. युद्धात लढली होती. पुढे जेट आली आणि दोन-चार वर्षांत ती भंगारात गेली. माझ्या मालकांनी कागद नीट वाचला, घडी घालून खोक्यात परत ठेवला आणि माझा प्रोपेलर बाजूला काढला. "तुला जेट करायचं," ते मला म्हणाले. ते आमच्याशी बोलत. घरातल्यांना त्याची सवय होती.

ते असे का करत, हे कळायला त्यांचे काम माहीत हवे. हवाई दलाच्या एका मोठ्या कारखान्यात ते प्रोपेलर विभागात फिटर होते. तिथे प्रोपेलरचा तोल साधायची वेगळी खोली होती. प्रोपेलर एका आडव्या दांड्यावर बसवायचा आणि हात सोडायचा. एखादे पाते जड असेल तर ते आपोआप खाली येते. मग ते कानशीने केसभर घासायचे आणि पुन्हा हात सोडायचा. कसाही फिरवून सोडला तरी जिथल्या तिथे राहिला, की काम झाले. वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नसे, म्हणून खिडक्या बंद, छताचा पंखा बंद. "शिंक आली की बाहेर पळायचो," ते सांगत. त्या खोलीत अकरा माणसे होती. वयाने सगळ्यांत लहान हे.

जेटला असा प्रोपेलर नसतो. सहा महिन्यांत त्या खोलीला कुलूप लागले. दहा जणांना घरी पाठवले. यांचे वय कमी म्हणून यांना ठेवून घेतले आणि गोदामात स्क्रू-नट मोजून द्यायला बसवले. तिथे ते निवृत्त होईपर्यंत बसले. त्या दहांपैकी कोणी रस्त्यात भेटला की ते सायकलवरून उतरून त्याच्याशी बोलत. त्या दिवशी घरी आल्यावर जेवताना मात्र त्यांचे तोंड उघडत नसे.

मागच्या या लहानशा खोलीत त्यांनी त्यावर आपला उपाय काढला होता. त्या जुन्या विमानांनाच जेट इंजिन बसवले असते तर? मग ती भंगारात गेली नसती. एकेक विमान घेऊन ते हा हिशेब सोडवत. हवा कुठून आत जाईल, आग कुठून बाहेर पडेल, पंख किती मागे कलते करावे लागतील. विमान पूर्ण झाले की पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर त्याचा इतिहास लिहीत. इंजिन कोणत्या वर्षी बदलले, विमान किती उंच गेले, किती वर्षे सेवेत राहिले. प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ एकच असे: 'प्रोपेलर विभागातील अकराही माणसे कायम. सर्वांना नव्या कामाचे शिक्षण दिले.'

मला घडवायला त्यांना दोन महिने लागले. नाक कापून त्यांनी मला तोंड केले. माझ्या शेपटीखाली आग ओकणारी जी नळी आहे, ते त्यांच्या बायकोच्या पेनाचे टोपण आहे.

"सामानाची यादी करायला बसले तर पेन सुकलेलं," ती दारात येऊन म्हणाली.

"तुझं टोपण आवाजाच्या वेगानं जाणार आहे."

"मग येताना तेलाची बाटली घेऊन ये म्हणावं त्याला."

रंग वाळल्यावर त्यांनी मला चाकांवर उभे केले, पुढे एक चाक आणि मागे दोन. हात सोडला आणि मी धप्पकन शेपटीवर बसलो. नाक आढ्याकडे. ते बघतच राहिले. आयुष्यभर नाकात जड इंजिन आणि जड प्रोपेलर असलेली विमाने सांभाळलेला माणूस. नाक रिकामे केले की सगळे वजन मागे जाणार, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. तोल साधणाऱ्याने तोल चुकवला होता.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "बाबा, हे तर कुत्र्यासारखं बसलंय."

मग दोघांनी मासे पकडायच्या गळाला लावतात तसल्या शिशाच्या बारीक गोळ्या आणल्या. चिमट्यात एकेक गोळी धरून ती माझ्या तोंडात सोडायची आणि ते मागून म्हणायचे, "थांब. आता बघू." पंधराव्या गोळीला त्यांनी उठून छताचा पंखा बंद केला. सतराव्या गोळीला माझे नाक सावकाश खाली आले आणि पुढचे चाक टेबलाला टेकले. दोघांनी श्वास रोखला होता. मी हललो नाही.

"इन्स्पेक्टर, पास का?" त्यांनी विचारले. तेव्हापासून तिचे नाव इन्स्पेक्टर पडले.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस. दुसरा एक दिवस सांगायला जड जातो, पण तो सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

पुढच्या वर्षी गावात नमुन्यांचे प्रदर्शन भरले. सभागृहात दोन टेबले होती. एकावर पाटी 'झालेली विमाने', दुसऱ्यावर 'कल्पनेतली विमाने'. माझ्या मालकांनी मला पहिल्या टेबलावर ठेवले आणि शेजारी माझे कार्ड उभे केले. घाईत चुकले की मुद्दाम, ते मला आजही ठाऊक नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यामागे उभे राहिले.

परीक्षक म्हणून विमानांवर पुस्तके लिहिणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांचे पुस्तक मुलीने वाचनालयातून तीनदा आणले होते. तेच छातीशी धरून ती सकाळपासून त्यांच्या मागेमागे टेबलांभोवती फिरत होती. माझ्यापाशी आल्यावर बाई वाकल्या.

"हे मला माहीत नाही. कोणत्या वर्षीचं?"

आणि ते बोलू लागले. गोदामात बसल्यापासून ते इतके कधी बोलले नसावेत. त्यांनी वर्ष सांगितले. इंजिन बदलताना शेपटीकडे वजन कसे गेले आणि ते नाकात शिसे भरून कसे सावरले, ते सांगितले. विमान पुढे आणखी बारा वर्षे सेवेत होते, असे सांगितले. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि वहीत लिहून घेत होत्या.

"आणि विभागातली माणसं?" बाईंनी कार्ड वाचून विचारले.

"सगळी राहिली," ते म्हणाले. "एकालाही जावं लागलं नाही."

तेवढ्यात मुलगी पुढे झाली. स्पष्ट, पाठ केल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "असं विमान कधी झालंच नाही. कुठल्याच पुस्तकात नाहीये. बाबांनी घरी रचलंय हे. त्यांचा विभाग तर बंद पडला."

आजूबाजूचे चार लोक हसले. वाईट मनाने नव्हे, लहान मुलीच्या धिटाईला हसतात तसे. बाईंनी वहीतल्या ओळींवर काट मारली आणि मुलीकडे कौतुकाने पाहिले. "हुशार आहे हो तुमची मुलगी."

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "माझंच चुकलं." त्यांनी मला उचलले आणि स्वतःच्या हाताने दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यांचे हात प्रोपेलर घासणाऱ्याचे, केसभरही न चुकणारे. त्या दिवशी माझे पुढचे चाक टेबलाला दोनदा आपटले.

घरी ते तिच्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. पुढेही ते विमाने करत राहिले, माझ्यानंतर तेवीस केली. पण कार्ड एकाचेही लिहिले नाही. माझे कार्डसुद्धा त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

मुलगी मोठी झाली, खूप शिकली, खूप वाचू लागली. दर वेळी आली की या खोलीत येई, फळीवरून नजर फिरवी. कार्ड लिहिलेली आम्ही नऊ आणि न लिहिलेली ती पुढची, हे तिने कधीच मोजून ठेवले होते. पण बोलायचे काय? खोटे तर ती बोललीच नव्हती. खरे बोलल्याची माफी कशी मागतात, हे तिला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. आणि त्यांनीही तिला कधी अडचणीत आणले नाही. बल्ब, गुडघे, बसची वेळ, असे बोलायला पुष्कळ होते.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मायलेकी खोली आवरायला बसल्या. नमुने करणाऱ्यांच्या मंडळाने सगळी विमाने मागितली होती. आई एकेक विमान जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"हळू ग, पंख मोडेल."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून सांभाळतेय मी यांना. मला शिकवू नकोस."

थोड्या वेळाने मुलीने विचारले, "आई, बाबांनी कार्डं लिहायचं का सोडलं? कधी बोलले का तुझ्याशी?"

"विचारलं होतं एकदा. म्हणाले, खोटं कशाला लिहायचं." आईने वर्तमानपत्राची घडी दाबली. "हसत म्हणाले. मला वाटलं, कंटाळा आला असेल."

आई दोरा आणायला आत गेली.

मित्रांनो, आम्हां वस्तूंचे फारसे काही मागणे नसते. धूळ आम्हांला चालते. फळीवर वर्षानुवर्षे विसरून गेलात तरी चालते, कोणीतरी झाडील म्हणून आम्ही वाट बघू शकतो, आमच्यापाशी वेळ असतो. ज्याने आम्हांला घडवले, त्याच्यापाशी तो नसतो. तुम्हांला त्याला काही सांगायचे असेल तर पुढच्या खेपेवर ठेवू नका. जमेल तसे, चुकतमाकत, आजच सांगून टाका. मी हे एवढ्यासाठी सांगतो की त्या दुपारी जे बोलले गेले, ते ऐकायला खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हते.

ती टेबलापाशी स्टुलावर बसली. तिने मला फळीवरून काढून समोर टेबलावर ठेवले. मग समोरच्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, आत आईला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, ती म्हणाली:

"बाबा, खरं सांगायचं म्हणून मी बोलले नव्हते. सकाळपासून मी त्या बाईंच्या मागे होते, त्यांनी एकदाही वळून बघितलं नव्हतं. आणि तुम्ही बोलायला लागलात तर त्या लिहूनच घ्यायला लागल्या. मला ते सहन झालं नाही."

तिने माझ्या पुढच्या चाकाला बोट लावले. मग म्हणाली, "तुम्ही टेबल बदललंत ना, तेव्हाच कळलं होतं मला, मी काय केलं ते. मोठी झाल्यावर नाही, बाबा. तेव्हाच."