नऊ तासांचं अंतर

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. माझ्या एका कानाला कायमची घडी पडली आहे आणि मागचे पाय कुरकुरतात. माझ्या मालकीणबाई मला भुऱ्या म्हणतात.

बाई कपडे शिवायच्या. त्यांच्या मशीनखाली, चिंध्यांच्या गादीवर मी लहानाचा मोठा झालो. मापं द्यायला आलेली गिऱ्हाइकं मला ओलांडून जात, पण हड् म्हणून कुणी हाकललं नाही.

पुढे बाईंची नजर अधू झाली. सुईत दोरा जाईना. तेव्हा दूरच्या शहरात राहणारी त्यांची लेक त्यांना न्यायला आली. तिने फोनवर नकाशा दाखवला. दोन शहरांच्या मध्ये एक निळी रेघ होती. खाली लिहिलं होतं : सात हजार किलोमीटर, नऊ तास.

"आणि भुऱ्या?" बाईंनी विचारलं.

"तोही येईल, पिंजऱ्यात, खालच्या सामानाबरोबर. अगं, नऊ तास तर आहेत. झोपेल आणि उतरेल."

मित्रांनो, हा हिशेब खुर्चीत बसणाऱ्यांचा होता. मला विमान उडण्याच्या कितीतरी आधी गोदामात नेऊन ठेवलं. कडी पडली. उभं राहता येत होतं, पण वळताना शेपूट जाळीत अडकत होती. पुढे विमानाच्या पोटात मिट्ट काळोख. ढकलाढकलीत पाण्याचं भांडं कलंडलं. मी भुंकलो, मग भिजलेली चादर चाटली, मग गप्प पडून राहिलो. आपलं काय चुकलं, तेच कळेना. सगळे म्हणत होते की आपण लांब चाललो आहोत. मी तर तसूभरही हललो नव्हतो.

विमान उतरलं आणि मी पुन्हा एका गोदामात जाऊन पडलो. पत्र्याच्या भिंतीपलीकडून कारकुनाचा आवाज आला, "तपासणीच्या डॉक्टर घरी गेल्या. कुत्रा उद्या मिळेल."

"उद्या?" हा बाईंचा आवाज! मी भुंकायला गेलो, पण घशातून नुसती हवा निघाली.

बाई कधी कुणाला चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. भांडायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा "बघते हं" एवढंच म्हणायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी काउंटरसमोर फरशीवरच बसकण मारली.

"आई, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू देत. तो आत कोंडलेला, आणि मी घरी जाऊन चहा पिऊ? मी इथून हलायची नाही."

"आजी, नियम आहे," कारकून म्हणाला.

"असू दे की. तुम्ही डॉक्टरांना फोन करा. मी बसते."

बऱ्याच वेळाने डॉक्टर आल्या. वैतागलेल्याच होत्या. पण पिंजऱ्यात डोकावल्याबरोबर म्हणाल्या, "अरे, आधी पाणी आणा!"

कडी निघाली, दार उघडलं, पण माझे पायच उठेनात. लेक पट्टा धरून ओढायला पुढे झाली. बाईंनी तिला थांबवलं. मग त्या फरशीवर आडव्या झाल्या, डोकं आणि खांदे पिंजऱ्यात घातले आणि माझ्या ओल्या चादरीवर गाल टेकून पडून राहिल्या. थोड्या वेळाने आम्ही दोघं मिळून बाहेर आलो.

मित्रांनो, अजूनही खोलीचं दार लागलं की माझं अंग थरथरतं. म्हणून लेक आता थोडी फट ठेवते. तुम्हाला एकच विनवणी आहे. आम्हाला कुठेही न्या, आम्ही मुकाट तुमच्या मागे येऊ. पण कडी लावाल, तेव्हा ती काढायचीही आठवण ठेवा. आम्हाला ती आतून काढता येत नाही.