चिवडा आज जेवला नाही

थांबा, पळू नका. मी गंज बोलतोय. लोखंडाला चढतो तो गंज नव्हे हो! आमच्या नागपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात. दोन शेर दूध मावेल एवढा, जाड बुडाचा, अस्सल स्टीलचा गंज. पुण्याची माणसं हे ऐकून खो खो हसतात. हसा बाप्पा, मला सवय आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाची. साल एकोणीसशे पासष्ट. एका मामानं भाचीच्या लग्नासाठी मला उचललं, टिचकी मारून वाजवून बघितलं आणि दुकानदाराला म्हणाला, "टाका नाव." टर्रर करून मशीन फिरलं. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! 'चि. माधवीस मामाकडून सप्रेम भेट.' त्या काळी स्टील म्हणजे चैन होती, म्हणून मी जरा ताठ्यातच त्या घरी गेलो.

माधवीनं चौतीस वर्षं माझ्यात दूध तापवलं. तिचा एकुलता एक मुलगा मोहन त्या दुधावर वाढला, डॉक्टर झाला आणि अठ्ठ्याण्णव साली बायको-मुलीला घेऊन आयर्लंडला गेला. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये माधवी आजारी पडली. दहा दिवस. "मोहनला फोन लावा," ती रोज म्हणायची. आणि तिचे यजमान, प्रकाशराव, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते रोज म्हणायचे, "पोराची तिकडची डॉक्टरकीची परीक्षा आहे. होऊन जाऊ दे, मग लावू."

माधवी मंगळवारी गेली. मोहनचा शेवटचा पेपर शुक्रवारी होता. त्याला शुक्रवारी संध्याकाळी कळवलं.

पोरगा आला तेव्हा घरात हार घातलेला फोटो होता. तो कुणाला काही बोलला नाही. नानांनाही नाही. परत निघताना स्वयंपाकघरात आला, ओट्यावरून मला उचललं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि बॅगेत ठेवलं. असा मी विमानात बसलो. माझ्या सगळ्या भाऊबंदांत मी एकटाच.

नावन हे गाव डब्लिनपासून तासाभरावर. तिथल्या हॉस्पिटलात मोहन नोकरीला. त्याच्या बायकोनं, मृणालिनीनं, मला अगदी जपून प्रेसमध्ये ठेवलं. प्रेस म्हणजे तिकडचं कपाट. "आईंची आठवण आहे," ती म्हणायची. आठवण म्हणजे काय, तर वर्षभर अंधारात बसून राहायचं. मला तर वैताग आला होता.

मग दोन हजार साली चिवडा आला. बेवारशी कुत्र्यांच्या कोंडवाड्यातून आणलेला, चार-पाच वर्षांचा, पिवळा, त्यावर तपकिरी आणि काळे ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. स्वरांगी तेव्हा चार वर्षांची होती. तिनं त्याला बघितलं आणि म्हणाली, "चिवडा!" झालं बारसं. शेजारची आयरिश मंडळी त्याला 'च्यूडा' म्हणायची आणि तो त्यालाही शेपूट हलवायचा. त्याला कुणाचाच राग नसे.

पहिल्या दिवशी त्याला खायला भांडं नव्हतं. मोठी माणसं दुकानात जायचा विचार करत होती, तोवर स्वरांगीनं प्रेस उघडून मला ओढलं, माझ्यात दूध ओतलं आणि कुत्र्यापुढे ठेवलं. अरे देवा! चौतीस वर्षं देवाच्या नैवेद्याची खीर केलेला मी, आणि आता कुत्र्याची जीभ!

मोहन ओरडला, "अगं, ते आईचं आहे!" पोर घाबरून रडायला लागली. मृणालिनी म्हणाली, "आता झालं ना. राहू दे त्याच्याकडेच. तसंही वापरत कुठे होतो आपण?" मोहननं मला चाटणाऱ्या चिवड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. आईनं पण त्याला उपाशी ठेवलं नसतं."

मी आठवडाभर रुसलो. पण खरं सांगू? चिवड्याइतकं मन लावून मला कुणी कधी घासलं नव्हतं. खाणं संपलं तरी चाटत राहायचा, चाटता चाटता मला ढकलत स्वयंपाकघरभर फिरवायचा. शेवटी मी भिंतीला ठण्णकन आपटायचो आणि मृणालिनी म्हणायची, "झाली महाराजांची आरती." वरण-भात, पोळीचे तुकडे, डब्यातलं मांस, सगळं चालायचं त्याला. फक्त कारल्याला तो नाक मुरडायचा. त्यात त्याचं काय चुकलं?

सहा वर्षं अशी गेली. स्वरांगी दहा वर्षांची झाली. घरात मराठी कळायचं सगळं, पण उत्तर यायचं इंग्रजीत, तेही नावनच्या हेलातलं. शाळा सुटली की आयरिश डान्सचा क्लास. घरी आली की टक्-टक्-टक् बूट वाजवत सराव करायची आणि चिवडा तिच्या पायांपुढे लोळण घ्यायचा.

आजार सगळ्यांत आधी मला कळला. दोन हजार सहाच्या वसंतात चिवडा पाणी फार प्यायला लागला. माझ्या शेजारचा पाण्याचा वाडगा दिवसातून एकदा भरायचे, तो चारदा भरावा लागायला लागला. आणि माझ्यातलं खाणं मात्र उरायला लागलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला आपटल्याशिवाय आवाज फुटत नाही.

शिवॉन नावाची व्हेट होती, म्हणजे जनावरांची डॉक्टर, मीथ जिल्ह्यातल्या गाई-मेंढ्या बघणारी, गमबूट घालून फिरणारी दणकट बाई. तिनं रक्त तपासलं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मोहन डॉक्टर असून, की डॉक्टर असल्यामुळेच, त्यानं हार मानली नाही. पडद्याच्या दांडीला सलाईन टांगलं, रोज सकाळ-संध्याकाळ चिवड्याच्या पाठीत सुई लावली. वेगळं खाणं आणलं. चिवडा त्या खाण्याचा वास घ्यायचा आणि मोहनकडे असा बघायचा, जणू त्यालाच वाईट वाटतंय की हे आपल्याला जात नाहीये.

आणि मग त्या घरात एक खोटं सुरू झालं, आणि त्यात मला ओढलं.

स्वरांगी शाळेतून यायच्या आधी मृणालिनी माझ्यातलं उरलेलं खाणं बिनमध्ये टाकायची. मला धुवायची, पुसायची, परत जागेवर ठेवायची. पोरगी येऊन विचारायची, "डिड ही ईट?" आणि मृणालिनी माझ्याकडे बोट दाखवायची. "बघ की, सगळं संपवलं." पोरगी म्हणायची, "ग्रँड!" तिकडे 'झकास'ला ग्रँड म्हणतात. आणि मी आपला चकाचक चमकत बसलेलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जूनमध्ये शिवॉननं स्पष्ट सांगितलं की आता त्याला त्रास होतोय, इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ द्या. मृणालिनी रडली. "आपण कोण ठरवणारे? पाप लागेल रे," म्हणाली. दोन दिवसांनी चिवड्याला उभं राहता येईना, तेव्हा तीच म्हणाली, "असं ठेवणं हेच पाप आहे." शनिवार ठरला. त्या दिवशी स्वरांगीची किलकेनीला डान्सची मोठी स्पर्धा होती. मृणालिनीनं तिला तिकडे न्यायचं, मागे मोहननं सगळं उरकायचं, आणि रात्री सांगायचं की चिवडा झोपेतच गेला.

"स्पर्धा होऊन जाऊ दे," मोहन म्हणाला. "मग सांगू."

माझं बूड थंड पडलं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तोच सूर, तेच शब्द. बाप तसा लेक, पण इथेसुद्धा?

शुक्रवारी सकाळी मोहन घरी होता. पोरगी शाळेत गेलेली. त्यानं फोनकार्डानं नागपूरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून मला घासायला घेतलं. नानांना त्यानं सगळं सांगितलं, शनिवारचा बेतसुद्धा.

मोहन म्हणाला, "हॅलो? नाना?"

"आहे मी," नाना म्हणाले. "मोहन, तुझी आई दहा दिवस तुझं नाव घेत होती. फोन लावा म्हणत होती. मीच नाही लावला. वाटलं, पोराचं नुकसान होईल. सात वर्षं झाली, तू कधी एक शब्द बोलला नाहीस. तू बोलला असतास, भांडला असतास तर बरं झालं असतं रे."

मोहनच्या हातात मी होतो. नळ चालूच होता.

"चुकलं माझं," नाना म्हणाले. "तुझ्यासाठी केलं असं म्हणत होतो, पण तुला सांगायची हिंमत नव्हती माझ्यात. एवढंच होतं ते. तू नको करू असं. पोरीला सांग."

मोहन सिंकला टेकून रडला. आईच्या फोटोसमोर न आलेलं रडू त्या दिवशी आलं. "नाना, मला एकदा तिचा आवाज ऐकायचा होता हो," तो म्हणाला. नाना म्हणाले, "ठाऊक आहे बेटा." दोघांनीही फोन ठेवला नाही. कार्डावरची मिनिटं संपली तेव्हाच फोन तुटला.

अडीचला तो स्वतः शाळेत जाऊन स्वरांगीला घेऊन आला. दोघं फरशीवर चिवड्याशेजारी बसले. फोननंतर त्यानं माझ्यात वाढलेलं खाणं तसंच पडलेलं होतं. त्यानं ते फेकलं नव्हतं.

"स्वरा," तो म्हणाला, "चिवडा आज जेवला नाही. कालही नव्हता जेवला. बरेच दिवस जेवत नाहीये. आम्ही तुझ्याशी खोटं बोललो."

"आय नो," पोरगी म्हणाली.

"काय?"

"बाबा, चिवडा भांडं पुसून ठेवतो का? ते नेहमी चिकट असतं. अँड इट्स ऑलवेज ओव्हर बाय द वॉल." तिनं चिवड्याचा पडलेला कान कुरवाळला. "तुम्ही दोघं इतके सॅड होता... सो आय सेड ग्रँड."

दहा वर्षांची पोर! आई-बाप तिला जपत होते आणि ती आई-बापांना. मृणालिनी दारात उभी होती, ती येऊन दोघांजवळ बसली.

मोहननं मग सगळं खरं सांगितलं. मूत्रपिंडं, सुया, शनिवार, इंजेक्शन. हॉस्पिटलात लोकांना सांगतो तसं नाही, घाबरत, अडखळत. स्वरांगीनं एकच विचारलं, "विल इट हर्ट हिम?" तो म्हणाला, "सुई टोचेल तेवढंच. मग झोप येईल." ती म्हणाली, "मग मी किलकेनीला नाही जाणार. मी इथेच थांबणार." मृणालिनीनं मानेनंच हो म्हटलं.

शनिवारी सकाळी स्वरांगीनं स्वतः दहीभात कालवला. आता पथ्याचं काही राहिलं नव्हतं. चिवड्यानं वास घेतला आणि दोन घास खाल्ले. मोजून दोन! मला वाटलं, मी सोन्याचा झालो. मग ती आत गेली आणि स्पर्धेचा ड्रेस घालून, टणक तळव्यांचे बूट चढवून परत आली. चिवड्याला ब्लँकेटवर, माझ्यासकट, मागच्या अंगणात आणलं होतं. फरशीवर ती पूर्ण नाच नाचली, परीक्षकांपुढे नाचली असती तसा, मान ताठ, हात बाजूला, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पाय एकदाही चुकले नाहीत. चिवडा उठू शकला नाही. पण त्याची शेपूट माझ्यावर आपटत होती, टण्, टण्, टण्, तिच्या पायांच्या थोडी मागे.

अकराला शिवॉन आली. स्वरांगीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पडलेल्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. फार पटकन झालं सगळं. शिवॉन गमबूट काढून गवतावर बसून राहिली, बराच वेळ. मोहननं सफरचंदाच्या झाडाजवळ खड्डा खणला.

त्यानंतर घर रडलं, भरपूर रडलं, पण सगळे एकमेकांसमोर रडले. स्वरांगी चिवड्याच्या गोष्टी सांगायची आणि सांगता सांगता हसायची. मोहन आता नानांशी दर रविवारी बोलतो, आणि नुसतं हवापाणी नाही, भांडतोसुद्धा.

माझं म्हणाल तर, कुत्र्याचं भांडं म्हणून मृणालिनी काही मला परत गॅसवर चढवत नाही. मी मागच्या खोलीत असतो, कपडे वाळत घालायचे चिमटे पोटात घेऊन. बढती नाही, पण बेकारीही नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं असतं, त्यामुळे ऐकू सगळं येतं.

हे दोन हजार सात. तीन आठवड्यांपूर्वी नानांचा फोन आला. "मोहन, डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे. फार दिवस नाहीत. तुला सांगून राहिलो, लपवत नाही. यायचं तर आत्ता ये." मोहननं त्याच आठवड्यातलं तिकीट काढलं. स्वरांगी म्हणाली, "मी पण." शाळेचं वर्ष संपायला बारा दिवस होते, परीक्षाही होती. कुणी तो विषय काढला नाही; बाप-लेक नागपूरला गेले.

बाबांनो, मी साधं भांडं. मला शहाणपण शिकवायचं नाही. पण एवढी विनवणी ऐका: ज्याचं माणूस जात असेल, मग ते माणूस दोन पायांचं असो की चार, त्याला वेळेत सांगा. तो रडेल. रडू द्या. जवळ बसायला तरी मिळेल त्याला.

आत्ता फोन वाजतोय. मृणालिनी धावत आली, हात ओले, तिनं स्पीकर लावला.

"आई," स्वरांगीचा आवाज आला, आणि काय आश्चर्य, चक्क मराठीत, "आजोबांना बरं नाहीये. खरंच नाही बरं. पण मी त्यांच्याजवळच बसलेय. त्यांचा हात माझ्या हातात आहे. थांब, ते तुझ्याशी बोलतायत."