बारा पॉइंट सहा

दुकानात तो फ्रिज गुणी बाळासारखा चालायचा. दोन दिवस चालू ठेवला तर दोन्ही दिवस आत बर्फ. बोटीवर आणून जोडला की मात्र पाच सेकंद घुंई करायचा, टक् म्हणायचा आणि गप्प बसायचा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा घुंई, पुन्हा टक्. फ्रिजवाल्याला वेड लागायची पाळी आली होती, कारण बावीस वर्षं तो हेच काम करत होता आणि ही बोट त्याच्या सख्ख्या बापाची होती.

बाबा टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून धक्क्याला बांधलेल्या या नऊ पावलांच्या बोटीतच त्यांनी बिऱ्हाड केलं होतं. त्यांना साखरेचा आजार, त्यामुळे इन्सुलिन थंड ठेवणं भाग होतं. मागच्या महिन्यात जुना, लहानसा फ्रिज कायमचा बंद पडला, इन्सुलिन उकाड्याने वाया गेलं आणि बाबांना तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. तेव्हा ताईने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. तिसऱ्या रविवारी पाच वाजता ती गाडी घेऊन येणार. फ्रिज थंड असला तर बाबा बोटीवर राहतील, नसला तर बॅगेसकट तिच्या घरी, चौथ्या मजल्यावर. ताईपुढे ब्र काढायची दोघांचीही टाप नव्हती.

आज तो तिसरा रविवार होता आणि दुपारचा एक वाजला होता.

पहिल्या रविवारी त्याने दुकानातून आणलेल्या मोठ्या फ्रिजमध्ये गॅस भरला, पंखा बदलला, थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्या रविवारी वैतागून अख्खा फ्रिजच बदलला. दुसऱ्या फ्रिजनेही बोटीवर पाऊल ठेवताच पहिल्याचे सगळे गुण उचलले. बाबा बाजूला बसून बोलत होतेच. पूर्वीच्या वस्तू अशा नव्हत्या, तू घाईने काम करतोस, आवाज जरा डावीकडून येतोय. त्यांच्या हातात व्होल्ट मोजायचा मीटर होता, कारण फ्रिजमागच्या फटीत एक तर फ्रिजवाला मावत होता किंवा मीटर. तो आडवा पडून, मान वाकडी करून मीटरच्या दोन सुया फ्रिजच्या तारांच्या टोकाला लावायचा आणि बाबा बाहेरून आकडा वाचायचे.

"किती?"

"बारा पॉइंट सहा."

त्याने बटण दाबायला सांगितलं. घुंई. फ्रिज सुरू झाला.

"आता किती?"

"बारा पॉइंट सहा. लाइन चोख आहे माझी."

तीन रविवार हेच ऐकून त्याचे कान किटले होते. सगळ्या बोटीची वायर बाबांनी स्वतः ओढली होती, दर चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ मारून, आणि त्या गाठी ते पाहुण्यांना दाखवत. लाइनवर शंका घेणं म्हणजे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीवर शंका घेणं होतं. म्हणून फ्रिजवाल्याने ती कधी घेतलीच नाही.

पण मानेत अशी कळ आली, की सुया हातात धरूनच त्याने खांदा वळवला आणि डोकं फटीबाहेर काढलं. फ्रिज घुंई करत होता. मीटरवर नऊ पॉइंट आठ दिसत होते. मग टक् झालं आणि आकडा पुन्हा बारा पॉइंट सहावर चढला. बाबा आकड्याकडेच बघत होते.

त्याच्या सगळं लक्षात आलं. फ्रिजने जोर मागितला की त्या बारीक तारेचा दम संपत होता. टेलिफोनला पुरणारी तार होती ती. आणि हे बाबांना पहिल्या रविवारपासून दिसत होतं.

त्याचं पित्त खवळलं. तीन रविवार फटीत लोळून मी काय झक मारत होतो का, असं तो बापाला तोंडावर म्हणाला. चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचंय का, बोट गेली तरी चालेल पण वायर चुकली म्हणायचं नाही, हा कुठला हट्ट? तो बराच वेळ बोलत राहिला. बाबांनी मीटर बंद करून मांडीवर ठेवला.

"ती वायर पाण्याच्या टाकीमागून गेलीय," ते म्हणाले. "माझा खांदा आत जात नव्हता. तुझी आई शिरली होती. त्या फटीतून जाडी वायर काही तिला ओढता आली नाही."

"मग तसं सांगायचं होतं. मी दुसरी टाकली असती."

"तू उपटून फेकली असतीस. तिचं कपाट रिकामं केलंस, तेव्हा विचारलं होतंस मला?"

आई गेल्यावर ते कपाट फ्रिजवाल्यानेच आवरलं होतं. तीन पोती भरली होती त्याने, दोन तासांत, आणि बाबांचा त्रास वाचवला म्हणून स्वतःवर खूशही झाला होता. बाबा तेव्हा गॅलरीत उभे होते. ते काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना चालतंय असं त्याने धरून चाललं होतं. आता त्याला स्वतःची लाज वाटली, आणि राग तर अजून उतरलाच नव्हता.

तो गाडीतून जाड वायरचं बंडल घेऊन आला. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत त्याने ती दुसऱ्या बाजूने, उघड्यावर, फळीच्या कडेने नेली. जुन्या वायरचं फ्रिजकडचं टोक सोडवून त्याने बाबांच्या हातात दिलं.

"ही जागची हलवत नाही. दिव्याला सहज पुरेल. बिछान्यावरचा दिवा हिच्यावर घेऊ."

बाबांनी ते टोक बराच वेळ धरून ठेवलं. मग चष्मा लावून दिव्याची जोडणी त्यांनी स्वतःच केली, आणि वर तुझ्या क्लिपा वाकड्या बसल्यात असंही ऐकवलं. फ्रिजवाल्याने निमूटपणे चार क्लिपा पुन्हा ठोकल्या.

पाचला ताई आली. चपला काढायच्या आधी तिने फ्रिज उघडला, आतल्या थर्मामीटरवर पाच अंश वाचले, पुन्हा वाचले. मग नक्की बिघडलं काय होतं, असं तिने विचारलं.

"फ्रिजच खराब निघाला," फ्रिजवाला म्हणाला.

"फ्रिज चांगला आहे," बाबा म्हणाले. "आकडा मी खोटा सांगत होतो."

ताईने फ्रिजचं दार लावलं आणि चपला काढल्या. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, तरी बाबांनी बिछान्यावरचा दिवा लावला आणि तो नीट लागतोय ना, हे तिला जवळ बोलावून दाखवलं.